मॅडिगनने टाकलेली पोरं

बास्केटबॉलचा मुख्य कोच ब्रेंट मॅडिगन मिलर्स फोर्कचं कॉलेज सोडून गेला तो रविवारी, चर्च सुटल्यावर. जाण्याआधी त्याने पार्किंगमध्ये ऑर्विल टॅकेटला गच्च मिठी मारली. कुणाशीही बोलताना आधी समोरच्याचं कोपर धरायचं आणि मग आवाज खाली आणायचा, ही मॅडिगनची पद्धत. जणू पुढचं वाक्य देवाने खास तुमच्यासाठी त्याच्याकडे ठेवायला दिलंय.

"ऐक, ऑर्व्ह," तो म्हणाला, "तू मला सख्ख्या भावासारखा. ही पोरं आता तुझ्या ओटीत घालतोय."

सोमवारी सकाळी ओटी रिकामी होती. बास्केटबॉलच्या टीममधले चांगले चार खेळाडू मॅडिगनच्या मागोमाग उत्तरेकडच्या बड्या युनिव्हर्सिटीत निघाले होते, आणि ऑर्विलला हे कळलं डगच्या हॉटेलात, अंडी खाता खाता.

"ऐकलं का रे ऑर्व्ह?" डग नाकात बोलायचा, त्यामुळे त्याची सहानुभूतीसुद्धा तक्रारीसारखी वाटायची. "म्हणजे तुला तर आधीच माहीत असणार. भाऊच तू त्याचा."

तव्यावरच्या बेकनपेक्षा डगच जास्त चुरचुरत होता. ऑर्विलने अंडी अर्धी टाकली.

ऑर्विल तसा शांत माणूस. मॅडिगन कॉलेजात आला तेव्हापासूनचा त्याचा दुय्यम कोच. व्हॅन चालवायची, पोरांच्या आयांशी बोलायचं, चुकलेले चेंडू पळत जाऊन आणायचे, ही त्याची कामं. आणि आणखी एक काम होतं, जे मॅडिगनने जन्मात कधी केलं नाही. दर वसंतात मॅडिगन एक-दोन पोरांना खोलीत बोलवायचा, दार लावायचा, कोपर धरायचा आणि सांगायचा की पुढच्या वर्षी तुझ्यासाठी जागा नाही. तेवढं झालं की तो गोल्फ खेळायला मोकळा. त्या पोराला बसच्या थांब्यावर सोडायचं ते ऑर्विलने. ती ताडमाड पोरं गुडघे हनुवटीला लावून त्याच्या पिकअपमध्ये बसायची. वाटेत मिल्कशेक घ्यायचा. कुणी रडायचं, कुणी असल्या शिव्या द्यायचं की ऑर्विल खिडकीची काच वर घ्यायचा. मॅडिगनने कुणाला काय बोलून घालवलं, हे मॅडिगन विसरला असेल. ऑर्विल विसरला नव्हता.

कॉलेजने त्याला 'तात्पुरता' मुख्य कोच केलं, कारण दुसरं कुणी यायला तयार नव्हतं. उरलेले खेळाडू तीन. एकाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, एकाला पाद्री व्हायचं होतं, आणि तिसरा नर्सिंग शिकायला आला होता, व्यायाम म्हणून खेळायचा.

एप्रिलमध्ये मॅडिगनचा फोन आला. "ऐक, भावा. नोव्हेंबरात आमचा पहिला सामना आहे. तुमच्यासाठी ठेवलाय. या आमच्याकडे."

या बोलावण्याचा अर्थ त्या खेळातल्या शेंबड्या पोरालाही कळतो. बडी युनिव्हर्सिटी लहान कॉलेजला आपल्या घरी बोलावते, यथेच्छ धुते, आणि धुऊन झालं की चेक देते. लहान कॉलेज त्यात जिमचं छप्पर दुरुस्त करून घेतं.

"येतो की," ऑर्विल म्हणाला. "थँक यू, ब्रेंट."

त्याची बायको रोंडा समोर बटाटे सोलत होती. "हरायला बोलावलं त्याने तुला. आणि तू थँक यू म्हणालास."

"हो."

"ऑर्व्ह, कान लाल झालेत तुझे."

"हरवणार आहे मी त्याला," ऑर्विल म्हणाला. "त्याच्या घरात, त्याच्या माणसांसमोर. आणि कुणी हरवलं हे त्याला कळलं पाहिजे. तेवढं झालं की मग मला तात्पुरता म्हणा नाहीतर घरी बसवा."

हल्ली कॉलेज बदलायचं असलं की खेळाडू पोर्टलवर आपलं नाव टाकतो. वधूवर सूचक मंडळच ते. उंची, वजन, आधीची ठिकाणं का मोडली, सगळं लिहिलेलं. त्या वसंतात देशभरचे कोच उंची बघत होते, कुणाचा नेम किती लागतो ते बघत होते. ऑर्विल एकच गोष्ट बघत होता: मॅडिगनने घालवलेला आहे का? असेल तर पत्रिका जुळली.

पहिला फोन त्याने अमारी प्रुइटला केला. अमारी बास्केटखाली उभा राहिला की मागचं दिसेनासं व्हायचं.

"मॅडिगन तुला काय बोलला होता, आठवतं?" ऑर्विलने विचारलं.

"म्हणाला, माझे बूट मोठे आणि काळीज लहान."

"मग? राग येत नाही?"

पलीकडे जांभई ऐकू आली. "कोच, अठराचा होतो तेव्हा. आता हे माझं चौथं कॉलेज होईल. खोली एकट्याची मिळेल का?"

दुसरा वेस लिंडग्रेन, मिनेसोटाचा. लांबून फेकलेला त्याचा चेंडू कड्याला न शिवता आत जायचा. तो म्हणाला, "कोण मॅडिगन? हां, तो सेंटवाला."

आणखी दोघे मिळाले. एकाने जेवणाची चौकशी केली, एकाने बूट कुठल्या कंपनीचे ते विचारलं. सगळे येतो म्हणाले, पण पेटलेला एकही नव्हता.

"इथे माझ्या पोटात वणवा," ऑर्विल त्या दिवशी जेवताना म्हणाला, "आणि ही पोरं विचारतायत, वॉशिंग मशीन कुठल्या मजल्यावर आहे."

"राग तुझा आहे," रोंडा म्हणाली. "त्यांनी का म्हणून वाहायचा? वाढू का अजून?"

आता खेळ चालवणारा गार्ड तेवढा हवा होता. मे महिन्यात एका आजीबाईंचा फोन आला. टायरिक बूथची आजी. टायरिक म्हणजे मॅडिगनबरोबर गेलेल्या चौघांतला सगळ्यात चलाख. त्याला शोधून आणला होता ऑर्विलने, याच आजीबाईंच्या स्वयंपाकघरात बसून, तीन वेळा पीच पाय खाऊन. आणि जाताना त्या पोराने साधा निरोपाचा मेसेजही टाकला नव्हता.

"देवाच्या कृपेने बरी आहे मी, मिस्टर टॅकेट," आजीबाई म्हणाल्या. "देवाच्या कृपेने टायरिकही बरा आहे. फक्त त्या मॅडिगनला परदेशातून दुसरा गार्ड मिळालाय, आणि देवाच्या कृपेने मी पोलिसांना भीत नाही, म्हणून त्या माणसाची गाडी आज धड नाही. तुम्ही टायरिकला परत घ्याल का?"

 ऑर्विलला गोड लागलं ते. पोरगं तोंडावर आपटलं होतं. महिन्याभरापूर्वी तो रोज रात्री देवाकडे हेच मागून निजत होता.

"विचार करून सांगतो," तो म्हणाला, आणि मुद्दाम आठवडाभर काही कळवलं नाही. रोज सकाळी दाढी करताना तो मनातल्या मनात नाही म्हणून बघायचा. चव छान यायची. पण शेवटी हिशेब सरळ होता: टायरिकचं नाक कापायचं, की मॅडिगनचं? दोन्ही एका सुरीने होणार नव्हतं.

तो स्वतः गाडी घेऊन आणायला गेला. चार तासांच्या रस्त्यात एक अक्षर बोलला नाही. रेडिओवर गुरांचे बाजारभाव लावून ठेवले. शेवटी टायरिकच म्हणाला, "कोच, बोला ना काहीतरी. शिव्या द्या."

"शिव्या ज्याच्यासाठी आहेत त्याच्यासाठी ठेवल्यात," ऑर्विल म्हणाला. "सीटबेल्ट लाव."

नोव्हेंबर आला. बड्या युनिव्हर्सिटीचं ते अवाढव्य मैदान, लाल कपड्यांतली हजारो माणसं. ऑर्विलने मनात चित्र रंगवलं होतं: मॅडिगन या पाच जणांना ओळीने बघेल, आणि त्याचा चेहरा उतरेल. पण त्याने यांना पाहिलं आणि हात पसरून धावत आला.

"माझी पोरं," तो म्हणाला. "अरे, सगळी माझीच पोरं की."

त्याने अमारीचं कोपर धरलं. "ऐक, मार्कस, तुझ्यावर माझा कायम विश्वास होता." वेसला म्हणाला, "तुझे बाबा कसे आहेत?" वेसचे बाबा त्याच्या लहानपणीच गेले होते. मग टायरिककडे वळून त्याने आवाज आणखी खाली आणला. "तू थांबायला हवं होतंस, बेटा. मी किती सांगितलं थांब म्हणून. तुझंच मन लागेना."

टायरिक मागे न बघता आत निघून गेला.

ड्रेसिंग रूममध्ये ऑर्विल भाषण खिशात घालून आला होता. ते काढायची वेळच आली नाही. कुणी बुटाची नाडी बांधत नव्हतं. सगळे जमिनीकडे बघत होते.

"कोच," अमारी सावकाश म्हणाला, "मार्कस कोण?"

"तुझ्यानंतर घालवलेला."

"त्याला आठवतसुद्धा नाही?"

"नाही."

"मी त्या बसमध्ये ओहायोपर्यंत रडत गेलो होतो," अमारी म्हणाला. "आणि त्याला नावसुद्धा आठवत नाही."

"मला म्हणाला, तुझंच मन लागेना," टायरिक म्हणाला. "माझ्या तोंडावर."

वेस उठला. या पोराचा आवाज आजवर कुणी चढलेला ऐकला नव्हता, आताही चढला नाही. "कोच, पहिला चेंडू मला द्यायला सांगा."

महिनोन्‌महिने ऑर्विल जो विस्तव फुंकत बसला होता, तो मॅडिगनने स्वतःच्या हाताने, हसत हसत, कोपर धरून पेटवून दिला होता.

सामना कसा झाला हे मिलर्स फोर्कात कुणालाही विचारा, डग तर नाकातून आवाज काढत सगळा करून दाखवतो. वेसने लांबून एकामागून एक असे चेंडू टाकले की लाल कपडेवाल्यांनी टाळ्या थांबवून मोबाईल बघायला सुरुवात केली. अमारी बास्केटखाली भिंत होऊन उभा राहिला आणि प्रत्येक वेळी चेंडू अडवला की मॅडिगनच्या बाकाकडे बघून आपलं नाव सांगायचा. "प्रुइट." पुन्हा अडवला. "प्रुइट." पंचाने ताकीद दिली, तेव्हा तो नम्रपणे म्हणाला, "ओळख करून देतोय, सर." शेवटच्या मिनिटाला ऑर्विलची पोरं दोन गुणांनी मागे होती. तेव्हा टायरिकने त्या परदेशी गार्डला असा चकवा दिला की तो भिडू बिचारा पार कॅमेरावाल्याच्या मांडीत जाऊन बसला. चेंडू वेसकडे गेला. वेसने बघितलंही नाही नीट. लांबून फेकल्याचे तीन गुण पडले, सामना एका गुणाने खिशात आला, तेव्हा मैदानात फक्त मिलर्स फोर्कहून आलेल्या व्हॅनभर माणसांचा आवाज ऐकू आला, त्यात रोंडाचा सगळ्यात वरचा.

सामन्यानंतर रेडिओवाल्यांनी आधी मॅडिगनला गाठलं. ऑर्विल मागेच उभा होता. मॅडिगनने माईकचंच कोपर धरल्यासारखा तो जवळ ओढला.

"खरं सांगू? मला अभिमान वाटतोय. तो एकेक खेळाडू मी निवडलेला. माझीच पोरं जिंकली म्हणा ना आज."

म्हणजे हार पण त्याचीच आणि जीत पण त्याचीच.  पण माईक ऑर्विलकडे वळला, तेव्हा त्याचे कान लाल नव्हते.

"ब्रेंट म्हणतो ते खरंय," तो म्हणाला. "ही सगळी त्यानेच निवडली. आणि त्यानेच टाकली. एकेकाला काय बोलून टाकलं ते मला शब्द न् शब्द पाठ आहे. प्रुइटला म्हणाला होता, काळीज लहान. आज अख्ख्या राज्याने बघितलं ते. मी काही शोधलं नाही हो, त्याच्या दारात पडलेलं उचललं फक्त."

रेडिओवाला हसला. "मग पुढच्या वर्षी काय बेत, कोच?"

"आता याच्या बाकावर बसलेत त्यांतले तीन-चार वसंतात दाराबाहेर पडतील. पडतातच. नियम आहे, दुसऱ्याच्या पोरांशी बोलायचं नाही. मी कुठे बोलतोय? मी रेडिओशी बोलतोय. मिलर्स फोर्कला खोली एकट्याची मिळते. वॉशिंग मशीन तळमजल्यावर आहे."

मॅडिगन हसत राहिला, पण या वेळी त्याने कुणाचंही कोपर धरलं नाही. हात कुठे ठेवायचे ते त्याला सुचेना. ऑर्विलने ते डोळे भरून बघून घेतलं.

बसमध्ये पोरं पिझ्झावर तुटून पडली होती. तेवढ्यात लाल जर्सीतला एक लांबलचक खेळाडू दाराशी येऊन उभा राहिला. आज त्याला एक मिनिटही खेळवलं नव्हतं. मागे कुणी बघत नाही ना, याची त्याने खात्री केली.

"टायरिक," तो हळूच म्हणाला, "तुमच्याकडे जेवण कसं असतं रे?"

"भिकार," टायरिक म्हणाला. "ये, पिझ्झा खा."

ऑर्विलने ताबडतोब तोंड खिडकीकडे फिरवलं आणि पार्किंगमधले दिवे निरखू लागला. नियम म्हणजे नियम. ड्रायव्हरने दार लावायला हात पुढे केला, तसा तो मान न वळवताच म्हणाला, "राहू दे जरा उघडं. हवा चांगली येतेय."