घरचं शेवटी

शिंप्याच्या घरात जन्मलेल्या माणसाला सणाचे नवे कपडे सणाच्या दुपारी मिळतात. सकाळी गिऱ्हाइकं येतात. लहानपणी दसऱ्याला सगळी गल्ली नटूनथटून राजवाड्याच्या मिरवणुकीतले हत्ती बघायला निघायची आणि मी मात्र परकर पुरा होण्याची वाट बघत मशिनपाशी उभी असायचे. अप्पा मान वर न करता म्हणायचे, "सुम्ने, गप थांब गं, झालंच आता." आईची पाळी माझ्याही नंतर. तिच्या ब्लाउजला हेम करायला, म्हणजे खालची कड दुमडून पक्की शिवायला, वेळच उरत नसे. पांढऱ्या दोऱ्याचे कच्चे टाके तसेच ठेवून ती तो अंगात घालायची, आणि पदर असा घ्यायची की कोणाला दिसू नये. सबंध गावाची काजं-बटणं तिच्या हातची, आणि तिचाच ब्लाउज अर्धा.

"घरचं शेवटी" हा आमच्या दुकानाचा नियम होता. बाहेरच्याला शब्द दिलेला असतो, घरचं माणूस कुठं पळून जातंय, असा त्यामागचा हिशेब. आम्हा मुलांना त्याचं वाईट वाटलं तरी नवल वाटत नसे. गल्लीतल्या सगळ्याच शिंप्यांच्या घरी हेच चालायचं.

मी मशिनवर बसले नाही. शहराबाहेर बेळगोळच्या एका कारखान्यात पंपांचे सुटे भाग तपासते. चांगला भाग पुढे, वाईट मागे, असं आयुष्य गेलं. आमच्या कुवेंपुनगरच्या कोपऱ्यावर सकाळी कारखान्याची व्हॅन येते. तिच्या आधी दूध तापवणं, डबा, अप्पांची आंघोळ, आणि या सगळ्याच्याही आधी एक पान लिहिणं. नवरा तंबाखूच्या खरेदीत आहे. लिलावाचा हंगाम सुरू झाला की तो आठवडाभर पिरियापट्टणला राहतो आणि शनिवारी अंगाला तंबाखूचा वास घेऊन घरी येतो. मुलगा बेंगळुरूला. म्हणजे हंगामात घरात अप्पा आणि मी.

"नोकरी, घर, वडील, आणि वर लिहिता. वेळ कसा काढता हो?" असं लोक विचारतात. मला या प्रश्नाचा राग येतो. वेळ म्हणजे काय फणसातला गरा आहे, तेल लावून काढायला? कुठून तरी तो ओरबाडावा लागतो आणि ज्याच्याकडून ओरबाडला त्याला ते लागतं. मी झोपेतून घेतला, शेजारणींच्या गप्पांमधून घेतला. नवऱ्याशी दोन शब्द बोलायचे तेही कधीकधी वहीत गेले. त्याने कधी तक्रार केली नाही, आणि त्याने केली नाही म्हणून मी विचारलं नाही.

बरं, लिहिते ते मराठीत. आमच्या घरात मराठी बोलतात, वाचत कोणी नाही. अप्पांची शाळा कन्नड, त्यांना देवनागरी अक्षर लागत नाही. मी ती लिपी शाळेतल्या हिंदीवर शिकले, आणि पुढे महाराष्ट्रातून पुस्तकं मागवून मागवून मराठी वाचायला लागले. नवऱ्याला वाचता येतं, पण दुसऱ्या परिच्छेदाला जांभई येते. मुलाची मराठी जेवण आणि झोप यांच्यापलीकडे जात नाही. असं हे माझं लिहिणं, आंधळ्यांच्या गावात आरसे विकण्यासारखं. पण अप्पांना ऐकायला येत होतं.

संध्याकाळी घरी आले की कॉफी करायची आणि सकाळचं पान त्यांना वाचून दाखवायचं, हा आमचा परिपाठ झाला. त्यांनी त्याला नावही दिलं होतं, ट्रायल. नुसते कच्चे टाके घालून कपडा गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवून बघतात, ती ट्रायल. अप्पा डोळे मिटून ऐकायचे. लुंगीचा काठ अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरून चोळत राहायचे, पोत बघत असल्यासारखा. मग निकाल द्यायचे.

"इथं काखेशी, मुंढ्यात धरतंय गं. श्वास घ्यायला जागा नाही. स्वल्प लूज सोड."

किंवा, "गळा फार खोल काढलास. सगळंच दाखवायचं नसतं."

मी चिडायचे. म्हणायचे, अप्पा, हे सदरे नव्हेत. ते म्हणायचे, "मग काय आहे? माणसाचं मापच घेतीस ना?" रात्रभर माझी धुसफूस चालायची आणि सकाळी मी निमूटपणे ते वाक्य उसवायचे. त्यांचं बहुतेक वेळा बरोबर असायचं आणि त्याचाच मला जास्त राग यायचा.

मी सगळ्यांवर लिहिलं. व्हॅनच्या ड्रायव्हरवर, कँटीनमधल्या बाईवर, समोरच्या घरातल्या भांडकुदळ म्हाताऱ्या जोडप्यावर. अप्पा ऐकायचे, निकाल द्यायचे आणि शेवटी एकच विचारायचे, "तिचं कधी?"

तिचं म्हणजे आईचं. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. माझं उत्तर ठरलेलं होतं. "मोठी रजा मिळू दे, अप्पा. तिचं घाईत नको. निवांत लिहीन." मला ते मनापासून तसंच वाटायचं. दुसऱ्यांना सकाळचा तुकडा चालेल, आईला सबंध दिवस हवेत. तसे दिवस मिळाले की बसायचं.

एका संध्याकाळी हे उत्तर ऐकल्यावर अप्पा उठले. दुकान बंद केल्यापासून मशिन आमच्या पुढच्या खोलीत खिडकीशी असतं. त्याच्या खणातून त्यांनी एक ब्लाउज काढून माझ्या मांडीवर ठेवला. मोरपंखी रंगाचा, खालच्या कडेला पांढरे कच्चे टाके.

"तिचा," ते म्हणाले. "त्या दसऱ्याचा. गिऱ्हाइकांचे सगळे झाले, हा राहिला. हातात हे अर्धं कापड धरून दुकानाच्या दारात येऊन उभी राहायची. मी म्हटलं, थांब. परत आली, परत म्हटलं, थांब. मग आजारी पडून आस्पत्रेत गेली. मुगीतु, संपलं."

मी म्हटलं, "अप्पा, तुम्हाला काय माहीत होतं?"

"माहीत नव्हतं तेच म्हणतोय मगा, पोरी," ते म्हणाले. "हेम करायला किती वेळ लागतो? कॉफी निवायच्या आत होतं. आता करून कुणाला घालू? तू माझ्याकडनं हे एक शिकू नको."

इतकं सांगितल्यावर कोणीही शहाणी बाई दुसऱ्या दिवशी लिहायला बसली असती. मला कळत होतं पण वळत नव्हतं. कारखान्यात तेव्हा मोठ्या गिऱ्हाइकाची तपासणी यायची होती, आणि साहेबांनी मला विभागप्रमुख करायचं बोलून दाखवलं होतं. मी व्हॅनमध्येही कागद चाळायला लागले. सकाळचं पान चालू होतं, पण त्यात आई नव्हती.

त्याच सुमारास अप्पांचं काहीतरी हरवायला लागलं. एक दिवस ते सदरा उलटा घालून कॉफीला बसले. शिवणी सगळ्या बाहेर. दुसऱ्या कोणाचं असतं तर हसून सोडून दिलं असतं, पण हा माणूस दुसऱ्याच्या अंगावरचा सदरा लांबून बघून बाही कोणी लावली ते सांगायचा. मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर चांगले होते. त्यांनी सांगितलं की अलीकडच्या आठवणी आधी जातील, जुन्या बराच काळ टिकतील.

ऑटोतून घरी येताना मी काय विचार केला असेल? आई जुनी आहे, म्हणजे अजून वेळ आहे. खरंच, हाच विचार केला. शेजारी बसलेले अप्पा बाहेर बघत होते आणि मी मनातल्या मनात आईला पुन्हा रांगेत मागे सरकवत होते.

पण आजार डॉक्टरांनी सांगितलेल्या क्रमाने चालला नाही. तपासणीच्या आठवड्यात एक दिवस मी उशिरा घरी आले तेव्हा अप्पा दाराशीच उभे होते. "तुझी आई अजून आली नाही गं," ते म्हणाले. "काजं करायला बसली तर वेळेचं भान नाही तिला." मी दमले होते. चप्पल काढता काढता मी म्हणून गेले, "अप्पा, आई कुठून येणार? आई गेली ना."

त्यांनी ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकलं. त्यांचा चेहरा मी बघितला आणि मला हात धरून त्यांना खाली बसवावं लागलं. ते रडले, मीही रडले. आई गेली त्या दिवशी अप्पा रडले नव्हते, दुकानात गिऱ्हाइकांचे कपडे पडून होते. जेवताना त्यांनी मला विचारलं की आपण का रडत होतो. ही गोष्ट त्यांना पुन्हा कधीही सांगायची नाही, असं मी त्या वेळी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन विभागप्रमुखपद नको म्हणून सांगितलं. कारण विचारलं तेव्हा "घरी वडील आहेत" एवढंच म्हटलं. लिहायचंय म्हटलं असतं तर त्यांना काय कळलं असतं? पिरियापट्टणला फोन करून नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "प्रमुख बाईंचा नवरा म्हणून मिरवायचं राहिलं माझं." आणि पुढे म्हणाला, "शनिवार-रविवार स्वयंपाक मी करतो, तू लिही." त्याचा स्वयंपाक म्हणजे दोन्ही वेळा चित्रान्न, लिंबू पिळलेला फोडणीचा भात. पण त्या क्षणी मला तो फार आवडला आणि मी तसं त्याला सांगितलंही. त्याने लाजून फोन ठेवला.

आणि मी आईवर लिहायला बसले. निवांत दिवस आले नाहीत ते नाहीतच. सकाळी दूध उतू जाईपर्यंत लिहिलं, व्हॅनच्या हिंदकळण्यात लिहिलं, कँटीनमध्ये डबा एका बाजूला सारून लिहिलं. दाताने दोरा तोडायची तिची सवय लिहिली. दुपारी ती मशिनला टेकून बसल्या बसल्या झोपायची, ते लिहिलं. ती कशी गायची ते जमलं नाही, खोडून टाकलं. अक्षर वाकडं, मधलं पान गळलेलं, शेवट नाही. माझ्या तपासणीच्या टेबलावर असा भाग आला असता तर मी परत पाठवला असता.

त्यात 'आई' हा शब्द मी मुद्दाम कुठेच घातला नव्हता. ती आली, ती म्हणाली, असंच होतं. अप्पांनी तिला आपणहून ओळखावं, एवढाच माझा हट्ट होता. तेवढ्यासाठीच तर सगळी घाई होती.

शनिवारी संध्याकाळी नवरा आत कढीपत्ता चिरत होता, तेव्हा मी अप्पांना कॉफी दिली आणि म्हटलं, "अप्पा, ट्रायल." अलीकडे ते कुठल्याच शब्दाला लवकर वळत नसत, पण या शब्दाला वळले. नीट सरसावून बसले, डोळे मिटले, लुंगीचा काठ बोटांत धरला. मी वाचायला लागले. दाताने दोरा तोडण्यापाशी ते हसले. माझा आवाज चढला, मी जरा घाईने वाचायला लागले, आता ओळखतील, आता ओळखतील.

मग दुकानाच्या दाराचं आलं. दसऱ्याची गर्दी, आणि ती स्वतःचं कापड हातावर घेऊन दाराला टेकून उभी. गिऱ्हाईक येतंय, ती बाजूला सरकतेय. गिऱ्हाईक जातंय, ती पुन्हा दारात. कोणी हाक मारत नाही, ती काही बोलत नाही. तिथपर्यंतच मी लिहिलं होतं. मी थांबले.

अप्पांची बोटं थांबली होती. त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं.

"कोण गं ही बाई?"

'आई' म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न, ती कुठे आहे, हा आला असता. मी म्हटलं, "गिऱ्हाईक आहे, अप्पा."

त्यांनी आमच्या पुढच्या दाराकडे बघितलं. दार उघडंच होतं, बाहेर कोणाची तरी स्कूटर गेली. अप्पांच्या कपाळाला आठ्या पडल्या. दुकानात हाताखालचा माणूस चुकला की पडायच्या तशाच, कितीतरी दिवसांनी.

"आणि तिला अशी उभी ठेवलीस?" ते म्हणाले. "बाकीच्यांचं राहू दे सगळं. हिचं आधी घे. कधीची थांबलीय ती."

"हो अप्पा," मी म्हटलं. "हिचंच घेतलंय."