मास्तरचा डावा पाय

आज त्याचा डावा पाय वेळेवर उचलला जाईल ना?

सकाळी साडेसहाला मुलगा जिना उतरायला लागला की आईच्या मनात दुसरं काही येत नसे. हातातलं भांडं हातातच राही आणि कान जिन्याकडे लागत. उजव्या पायाचा आवाज टक, डाव्याचा थप्प. टक, थप्प. बावीस पायऱ्या. मग खाली मोटारसायकल सुरू व्हायची, पहिला गियर पडल्याचा खट्कन आवाज यायचा, आणि दुसरा पडेपर्यंत तिचा श्वास अडकून राहायचा. दुसरा पडून गाडी कोपऱ्यावर वळली की मगच ती भांडं खाली ठेवायची.

एक्केचाळीस वर्षांच्या, दोन पोरांच्या बापाच्या पायाची काळजी करणारी आई हा घरात थट्टेचा विषय होता. "आई, ते चालायला लागले त्याला चाळीस वर्षं झाली," सून म्हणायची, "आता तरी त्यांचं बोट सोडा." आईही हसल्यासारखं करायची. सुनेला जे माहीत नव्हतं ते तिला माहीत होतं, आणि कुणाला सांगणार नाही असा शब्द ती मुलाला देऊन बसली होती.

मुलाला सगळे मास्तर म्हणत. मास्तर कसला, तर गाडी शिकवणारा. आई महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरीला, घरात कपाटं भरून पुस्तकं, आणि पोरगा लागोपाठ दोनदा गणितात नापास. "तुझी पुस्तकं वाळवीला आवडतात, पोराला नाही," असं त्याचे वडील म्हणायचे. पण त्याच वडिलांनी सोळाव्या वर्षी त्याला अंगणात मोटारसायकलवर बसवलं, तेव्हा गाडी एकदाही गचका न खाता निघाली आणि फाटकापाशी जाऊन मऊ थांबली. वडिलांनी इतक्या कौतुकाने पोराकडे पाहिल्याचं आईला दुसरं उदाहरण आठवत नव्हतं. पोरानेही ते हेरलं असणार. बाविसाव्या वर्षी तो वाहन प्रशिक्षण शाळेच्या दुचाकी विभागात लागला, तो तिथेच राहिला.

आणि शिकवायचा मात्र झकास. मैदानावर फक्कीने आखलेल्या इंग्रजी आठच्या आकड्यावर तो नवशिक्याच्या मागे बसायचा आणि आवाज चढवायचा नाही. क्लच कसा सोडायचा, तर दुधावरची साय न फाडता उचलावी तसा. एकदा एक बँकेतले साहेब म्हणाले, "मास्तर, मी जन्मात दूध तापवलेलं नाही." हा म्हणाला, "मग आधी ते शिकून या. क्लच कुठे पळून जात नाही." पन्नाशीच्या नर्सबाई, थरथरणारे कारकून, बापाच्या धाकाने आलेली पोरं, सगळे त्याच्या हाताखालून निघून गाड्या चालवायला लागले. गाडी डावीकडे कलली की नवशिक्याला कळायच्या आत मास्तरचा डावा पाय जमिनीवर टेकलेला असे. एकोणीस वर्षांत त्याने कुणाला पडू दिलं नव्हतं.

बिनगियरच्या गाड्यांना मात्र तो हिंग लावून विचारायचा नाही. त्यांना त्याने नाव ठेवलं होतं 'चाकांची खुर्ची'. तसली गाडी शिकायला कुणी आलं की शेजारच्या शिक्षकाला हाक मारून सांगायचा, "यांना फक्त बसायचंय हो, बसवून घ्या." लोक हसायचे. आईला ते हसू कधी जमलं नाही. नोकरी लागली तेव्हा तिलाही मोटारसायकल शिकायची होती. नवऱ्याने परस्पर बिनगियरची मोपेड आणून दारात उभी केली. "तुला गियर जमायचे नाहीत. तुझं अर्धं लक्ष पुस्तकात." एकदा बसवून तरी पाहायचं! नाही. अकरा वर्षं ती त्या मोपेडवर महाविद्यालयात गेली. शेवटच्या चढावर गाडी अशी धापा टाकायची की पायी चालणारी मुलं मागून येऊन विचारायची, "मॅडम, ढकलू का?" पुढे मुलगा मोठा झाल्यावर तिने एकदा त्याच्यापाशीही विषय काढला होता. तोही म्हणाला, "आई, तू राहू दे."

गेल्या वर्षी शाळेत चार नव्या मोटारसायकली आल्या. दिसायला पुरत्या मोटारसायकली, पण क्लच नाही, पायाशी गियरची दांडी नाही, सगळं आपोआप. लायसन्स दोन तऱ्हेचं निघायचं, गियरचं आणि बिनगियरचं, आणि दहातले सात जण आता बिनगियरचंच मागत होते. शाळेच्या मालकीणबाईंनी मास्तरला बोलावून सरळ विचारलं, "ऑटोमॅटिकची तुकडी घेता की गियरची ठेवता? तुम्ही म्हणाल तसं. पगार तोच."

"गियरची," मास्तर म्हणाला. "मेल्यावर घेईन ऑटोमॅटिक. तेव्हा तसंही सगळं आपोआपच व्हायचंय."

हा विनोद त्याने घरी येऊन तीनदा सांगितला.

त्यानंतर महिन्याभरात, एका नवशिक्याची आडवी झालेली गाडी एकट्याने उचलायला गेला आणि कंबरेत काहीतरी लचकलं. आठ दिवस अंथरुणात काढून कामावर गेला. तेव्हापासून तो पाय आपटत चालायला लागला. सुनेला वाटलं, राग आहे. "अहो, घरात काय आपटत चालता?" "माझं घर आहे, आपटीन." विषय संपला.

आईला कळलं ते बुटांवरून. वरचा गियर टाकायचा तर डाव्या बुटाचं टोक दांडीखाली घालून वर उचलावं लागतं. त्याने अंगठ्याच्या वर बुटावर काळा घासलेला पट्टा उमटतो. मास्तरचे कितीतरी जोड असे वाया गेले होते. आई कुरकुरली की तो म्हणायचा, "बिल्ला आहे तो माझा." या खेपेचे बूट तीन महिने वापरले तरी वर ओरखडा नव्हता. टाच मात्र झिजली होती. आई खाली जाऊन गाडीपाशी वाकली. त्याने दांडी बदलली होती. पुढून बोटांनी आणि मागून टाचेने, दोन्हीकडून दाबता येईल अशी लांब दांडी, जिला तो आजवर म्हाताऱ्यांची दांडी म्हणत आला होता.

त्या संध्याकाळी तिने त्याला गच्चीवर गाठलं. आधी उडवाउडवी, मग चिडचिड, मग तो बोलला. कंबरेत मणक्यापाशी नस दबली होती. पाय दाबता येत होता, पण घोट्यापासून वर उचलता येत नव्हता. चिमटा काढला तरी कळत नव्हतं. डॉक्टरांनी बुटात घालायची प्लॅस्टिकची पट्टी दिली होती आणि बजावलं होतं, गियरची गाडी बंद, चालवायचीच तर ऑटोमॅटिक.

"आणि ती पट्टी कुठे आहे?"

"माळ्यावर."

"अरे, मग मालकीणबाईंना सांग ना. त्यांनी आपणहून विचारलं होतं."

"काय सांगू? मास्तरचा पाय गेला, आता त्याला चाकांच्या खुर्चीवर बसवा? अख्खं मैदान हसेल." मग त्याचा आवाज उतरला. "येईल परत तीन-चार महिन्यांत. तोवर गप्प राहा. निदान तू तरी."

त्या 'निदान तू तरी'ने तिचा घात केला. चाळीस वर्षांत त्याने तिच्यापाशी इतकं जवळचं काही मागितलं नव्हतं. तिने शब्द दिला. मैदानावर त्याच्या पायाच्या भरवशावर गाडीवर चढणाऱ्या लोकांचा विचार तिच्या मनात आला नाही असं नाही. आला, आणि तिने तो बाजूला सारला.

पंधरा दिवसांपूर्वी ती मुलगी पडली.

तेवीस वर्षांची, जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस. डोंगरातल्या गोठ्यांवर जाऊन लसी टोचायच्या आणि त्यासाठी दवाखान्याची गाडी होती ती गियरची. लायसन्स मिळालं तरच नोकरी पक्की. आठच्या आकड्याच्या वळणावर वेग फार कमी होऊन गाडी डावीकडे कलली. मागे बसलेल्या मास्तरने पाय काढायला घेतला, तो पायठेवणीतच अडकला. दोघं गाडीखाली. मास्तरचं कोपर सोलपटलं. मुलीचं मनगट दोन ठिकाणी मोडलं.

घरी येऊन तो म्हणाला, "क्लच एकदम सोडला तिनं. सांगून सांगून जीभ झिजली माझी."

"काहींना नाहीच जमत," सून म्हणाली.

आईने त्याच्याकडे पाहिलं. तो औषधाच्या डब्यात कापूस शोधत होता. डब्यात कापूस वरच दिसत होता.

काल रविवारी दुपारी ती मुलगी घरी आली. उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी. खुर्चीच्या कडेवर बसली.

"सर, सॉरी म्हणायला आले. माझ्यामुळे तुम्हालाही लागलं."

"असू दे गं. चालायचंच."

"एक विचारू? मला आपलं वाटत होतं, मी क्लच दाबूनच धरला होता. पण तुम्ही म्हणता म्हणजे सुटला असेल."

आई पाण्याचा पेला घेऊन दारातच थांबली. मास्तरने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि नजर वळवली.

"पडल्यावर सगळ्यांना असंच वाटतं," तो म्हणाला. "माझं ऐक, ऑटोमॅटिकचं लायसन्स काढ. तुला गियर जमायचे नाहीत."

"पण दवाखान्याची गाडी गियरचीच आहे सर. नाहीतर मला नोंदणीच्या टेबलावर बसवतील."

"मग टेबल काय वाईट आहे? सावलीतलं काम."

मुलीने मान हलवली. डाव्या हाताने अवघडत पेला धरून पाणी प्यायली. जाताना आईला म्हणाली, "सर फार छान शिकवतात हो आजी. मीच मठ्ठ."

दार लागल्यावर आई म्हणाली, "तिनं क्लच धरला होता."

"तू होतीस तिथं?"

"तुझा पाय अडकला."

"हळू बोल."

"मालकीणबाईंना सांग, ऑटोमॅटिकची तुकडी घे. आणि त्या पोरीला खरं सांग. अजूनही सांगता येईल."

"एकोणीस वर्षांत एक पडली. एक! आणि मनगट काय, जुळतं. तू आई कुणाची, माझी की तिची?"

आवाज ऐकून सून आतून आली. कशावरून चाललंय ते तिला कळलं नाही, पण नवऱ्याचा चेहरा तिने पाहिला. "आई, त्यांच्या कामात तुम्ही कशाला पडता? तुम्ही कधी आयुष्यात गियर टाकलाय का?"

आईला वाटलं, मुलगा निदान एवढं तरी म्हणेल, तिला तसं बोलू नकोस. उलट त्याला बरंच वाटलं, हे तिला त्याच्या खांद्यांवरून कळलं.

"नाही टाकला," आई म्हणाली, आणि पेला विसळायला आत गेली.

आज सकाळी तो नेहमीसारखा गेला. साडेसातला नवी तुकडी सुरू व्हायची होती. सातजण, त्यातली दोन जेमतेम अठराची, असं त्याने रात्री जेवताना मोठ्या हुरुपाने सांगितलं होतं. सून पोरांना शाळेत सोडायला गेली होती. आईकडे मालकीणबाईंचा नंबर होता. त्याची कंबर धरली तेव्हा रजा कळवायला तिनेच तो घेतला होता.

पुढचं सगळं तिला दिसत होतं. चार महिन्यांपूर्वी सांगितलं असतं तर बाईंनी हसत तुकडी बदलून दिली असती. आता एका मुलीचा हात मोडल्यावर, आणि दोष तिच्यावर ढकलून झाल्यावर, त्या त्याला कुठलीच तुकडी देणार नाहीत. एक्केचाळिसाव्या वर्षी, या एका गोष्टीखेरीज दुसरं काही न येणारा माणूस घरी बसेल. कुणी सांगितलं हे त्याला विचारावंही लागणार नाही, कारण ते माहीत असणारं एकच माणूस होतं. तो तिच्याशी बोलणं सोडेल. सून पोरांना तिच्या खोलीत फिरकू देणार नाही. आणि त्या मुलीला तरी ते कधी कळेल का, की तिने क्लच धरलाच होता? बाई तिला सांगतील की शाळेची अब्रू झाकतील, याचाही काही भरवसा नव्हता. म्हणजे तेही आपल्यालाच सांगावं लागणार, आज नाहीतर उद्या.

सातला पाच मिनिटं होती. आईने मनात पहिलं वाक्य जुळवलं. त्यात मुलाची बाजू घेतली गेली. पुन्हा जुळवलं, तरी तेच, 'तसा तो मुळात वाईट नाही' हे कुठूनतरी येऊन बसलंच. तिसऱ्यांदा तिने तेवढे शब्द काढून टाकले आणि नंबर लावला.