सगुणाबाईची म्हैस

कासार आंबोलीच्या साळूबाईला थोरल्या जावेची, सगुणाबाईची, म्हैस डोळ्यांत सलायची. ती दहा शेर दूध द्यायची आणि साळूबाईची जेमतेम चार.

अठ्ठ्याहत्तर साली गावात बुळकांडीची साथ आली. इतर गुरांना लागण नको म्हणून सरकारी डॉक्टरांनी सगुणाबाईची आजारी म्हैस जप्त करून ट्रकमधून नेली. साळूबाईला आतून बरं वाटलं. पण सारं गाव जावेचं सांत्वन करायला येऊ लागलं, तेही तिला बघवेना.

तिसऱ्या दिवशी ती स्वतःच तांब्याभर दूध घेऊन गेली.

"आक्का, च्याला घ्या."

सगुणाबाईनं बोट बुडवून चाखलं. "लई पातळ हाय गं," म्हणत ती रडायलाच लागली.

साळूबाई तडक घरी आली आणि आपल्या म्हशीपुढं दुप्पट सरकी ओतली.