सबवूफरचा भूकंप

जिना धडधडला तेव्हा मी एका ओसाड हवेलीच्या तळघरात कंदील धरून उभा होतो. म्हणजे कॉम्प्युटरवर. खरं तर मी लातूरला माझ्या दुकानात बसलो होतो, भर दुपार होती, आणि समोरून दीडशे पोरं-पोरी टेस्टचे पेपर टाकून मैदानाकडं पळत होती.

"भूकंप! भूकंप!"

मीही पळालो. आमच्याकडं त्या मोठ्या भूकंपानंतर कुणी विचार करत बसत नाही, पाय आधी निघतात.

माझं काम कॉम्प्युटर जोडून द्यायचं आणि बिघडला की नीट करायचं. दुकान बिराजदार सरांच्या इमारतीत, खाली. वर त्यांचा फिजिक्सचा क्लास. तेव्हा लातुरात गल्लोगल्ली क्लास निघाले होते आणि टेस्ट सुरू झाली की सगळे आतून कडी लावायचे. सर सगळ्यांत कडक, पण त्यांच्या एकाही दाराला कडी नव्हती. त्यांनीच काढून टाकली होती. का, ते विचारायची कुणाची छाती नव्हती. मला मात्र त्यांनी दोनदा बजावलं होतं, "बालाजी, टेस्ट चालू असताना खालून आवाज आला तर दुसरीकडं दुकान बघायचं."

त्या दिवशी अहमदपूरच्या एका डॉक्टरांचा कॉम्प्युटर तयार होता, सोबत नवा सबवूफर. सबवूफर म्हणजे जाडा आवाज काढणारा डबा. तो कानाला कमी आणि छातीला जास्त ऐकू येतो. त्याची परीक्षा गाण्यावर होत नाही, असं माझं मत. त्याला फर्स्ट पर्सन गेमच पाहिजे. अशा गेममध्ये हिरो दिसत नाही, कारण हिरो तुम्हीच. पडद्यावर फक्त तुमचे हात.

त्यातही मला बंदुकीचे गेम आवडत नाहीत. बंदूक हातात आली की भीती संपली. चांगल्या गेममध्ये भूत दाखवूच नये, वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवावी, बस. गिऱ्हाईक म्हणतात, "यात काहीच होत न्हाई की!" अरे येड्यांनो, तेच तर पाहिजे!

या गेममधली हवेली थोड्या-थोड्या वेळानं पायाखाली गुरगुरायची. सरांना ऐकू जाऊ नये म्हणून मी आवाज अगदी बारीक ठेवला. बास, म्हणजे तो जाडा आवाज, मात्र फुल. आणि डबा टेकवला होता लोखंडी जिन्याला. गुरगुर जिना चढून वर गेली, खिडक्यांच्या काचा थरथरल्या, बाकडी थरथरली.

हे सगळं मला नंतर कळलं. मैदानात मी इतरांसारखाच हुशार होतो. समोरचा झेरॉक्सवाला म्हणाला, "मागच्या धक्क्यापेक्षा लई मोठा होता." एकानं औशाला फोन लावला आणि ओरडला, "तिकडं पण जाणवलाय म्हणं!" दुसऱ्यानं सांगितलं, देवणीला जनावरं सकाळपासून बिथरलीत. मीही मान डोलावली, "माझ्या दुकानात तर चांगलाच जाणवला."

सर शेवटी उतरले. जिन्याच्या पायथ्याशी उभे राहून ते पोरं मोजत होते. तेवढ्यात त्यांच्या हाताखालचा कठडा पुन्हा थरथरला. मैदानात मात्र कुणालाच काही जाणवलं नाही. सर आधी जिन्याकडं बघत राहिले, मग माझ्या दुकानात शिरले. मी मागोमाग धावलो.

"बालाजी."

"हाव सर."

"हा भूकंप बंद कुठून होतो?"

"त्या गोल बटनानं, सर."

त्यांनी स्वतः बटन फिरवलं आणि बाहेर जाऊन सांगितलं, "काही न्हाई, वर चला." कोण ऐकतंय? औशाला जाणवला होता ना! टेस्ट बारगळली, पोरं खुशीत घरी गेली. सर परत आले आणि माझ्या खुर्चीत बसले.

"दाखव, काय खेळायलास ते."

मी दाखवलं. हवेली गुरगुरली.

"आता बाहेर कुठून पडायचं?"

"बाहेर न्हाई पडायचं सर. तळघरात जायचं, कपाटं उघडून चावी शोधायची."

"घर हलायलंय आन् हा कपाटं बघायलाय? डोकं फिरलंय का ह्याचं?"

त्यांनी माउस फिरवून मागं पाहिलं. मागचं दार बंद होतं, कडी लावलेली. सरांनी माउसवरचा हात काढला.

"आमच्या घराची कडी निघाली न्हाई त्या भूकंपाच्या रात्री," ते म्हणाले. "धाकटा भाऊ आत ऱ्हायला."

मला लाज वाटली. मी कॉम्प्युटर बंद केला. "दुकान कधी खाली करू, सर?"

"दीडशे पोरं किती वेळात उतरली, बघितलास?"

"न्हाई सर, मी पण पळत होतो."

"दोन मिनिटं लागली न्हाईत. कुणी कुणाला ढकललं न्हाई." पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात मी कौतुक ऐकलं. "तू ऱ्हा. हा डबा आजच्या आज घालव."

डबा संध्याकाळच्या एसटीनं अहमदपूरला गेला. मी हेडफोन लावून खेळू लागलो. कुठल्याही वस्तूची परीक्षा घेण्याआधी ती कशाला टेकली आहे ते बघावं, एवढं त्या दिवशी शिकलो. नुसत्या वातावरणानं घाबरवणारे गेम मला अजून आवडतात. फक्त नवा गेम सुरू केला की पुढं जाण्याआधी मी वळतो आणि मागचं दार उघडतं का बघतो. बहुतेक गेममध्ये उघडत नाही. तेवढे मार्क मी कापतो.