घरात माश्या आहेत का?

मधमाशी म्हटलं की लोकांना आधी डंख आठवतो. जिला डंखच नाही तिला मग कोण विचारतो? आमच्या घराच्या मागच्या भिंतीत अशाच बिनडंखाच्या मधमाश्या राहायच्या. काळ्या, तांदळाच्या दाण्यापेक्षाही बारीक. त्यांना मधमाशी म्हणायचा मान गावात कुणी दिला नाही. सगळे नुसतं 'बारकी माशी' म्हणायचे आणि या नावानंच पुढं घात केला.

माझी माय लग्न होऊन जवळा बाजारच्या अलीकडच्या आमच्या गावात आली, तेव्हापासून त्या तिथं होत्या. दगडमातीची भिंत, त्यात एक भोक, आणि भोकातून बाहेर आलेली मेणाची नि डिंकाची बोटाएवढी नळी. नळीच्या तोंडाशी आठ-दहा माश्या डोकी बाहेर काढून पहाऱ्याला. मुंगळा आला की त्याच्या पायांना डिंक फासायच्या, तो तिथंच चिकटून बसायचा. माणसानं बोट लावलं तर केसांत शिरायच्या, कानात शिरायच्या, बारीक चावायच्या. याउपर त्यांचा कुणाला त्रास नाही. शेवगा फुलला, कोथिंबीर फुलावर आली की त्यांची नुसती धांदल उडायची. दिवाळीच्या आधी माय भिंत पोतारायची तेव्हा पांढऱ्या मातीचा हात त्या नळीपासून वीतभर लांब ठेवायची. माझ्या चुलत्या हसायच्या, "काहून वो बाई, माती सरली का?" माय म्हणायची, "त्यांचं दार हाय ते." मध तिनं कधी काढला नाही.

हिंगोली जिल्हा नवा झाला त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांतली ही गोष्ट. गावं स्वच्छ करायची स्पर्धा निघाली आणि आमचं गाव तीत उतरलं. उतरलं म्हणजे काय केलं? उकिरडे गावाबाहेरच्या पांदीत ढकलले आणि भिंतींना गुलाबी रंग फासला. नाल्या तुंबल्या होत्या त्या तुंबलेल्याच! मी गावच्याच शाळेत मास्तर, म्हणून स्पर्धेच्या समितीतही मी. समितीतले दोघंजण छापील कागद घेऊन घरोघर फिरले. त्यात एक प्रश्न होता, 'घरात माश्या आहेत का?' सगळ्या गावानं 'न्हाई' सांगितलं. ज्यांच्या अंगणात बसलं तर तोंडात माशी जाईल, त्यांनीसुद्धा बिनदिक्कत 'न्हाई' सांगितलं. माझी माय मात्र हरखून म्हणाली, "हायेत की! भिंतीत हायेत. माज्या लग्नाच्या आदीपासून हायेत. या, दावते तुमाला."

त्या दोन शहाण्यांनी जागेवरून उठून बघायची तसदी घेतली नाही. लिहून टाकलं, 'भिंतीत माश्या. भोक बुजवणे.'

तिसऱ्या दिवशी गवंडी आला. माय शेतात, मी शाळेत. त्यानं नळी थापीनं तोडली, भोकात सिमेंट दाबलं, वरून गुलाबी रंग मारून मोकळा झाला. मी दुपारी घरी आलो तेव्हा फुलांवर गेलेल्या माश्या परतून त्या जागेवर आपटत होत्या. भिंतीवर बसायच्या, तेवढ्याच जागेत फिरायच्या, पुन्हा उडायच्या. पायांना पिवळे पराग तसेच होते. शेतातून परतलेली माय हातात उलथनं घेऊन उभी.

"खोल रं बाबू हे."

"तपासणी झाली की खोलतो, माय. दोन दिवसांचा तर प्रश्न हाय. अन् त्या काय इथंच बसून राहतात का? जातील उडून दुसरीकडं."

"न्हाई जायच्या. त्यांचं सगळं आत हाय."

"तुला काय ठाऊक? मोहोळ उठून जात न्हाई का?"

मोहोळ उठून जातं, हे मी पोरांना शिकवत होतो ना! पण या माशीकडं उभ्या आयुष्यात मी कधी पाच मिनिटं टक लावून बघितलं नव्हतं. तिनं जन्मभर बघितलं होतं. ती उलथनं घेऊन चुलीकडं गेली.

दोन दिवसांचे बारा झाले. साहेब आज येणार, उद्या येणार. गाडी वारंगा फाट्यापर्यंत आली म्हणायचे आणि तिथूनच दुसरीकडं वळायची. भिंतीपाशी माश्या रोज कमी दिसत होत्या. माय रोज विचारायची, "आले का तुजे साहेब?" मी रोज सांगायचो, "उद्या." शेवटी आले एकदाचे. हार घालून घेतले, चहा प्याले, आमच्या भिंतीवरून हात फिरवला. "व्वा मास्तर, एक भोक नाही कुठं!" आणि मी, लाज सोडलेला माणूस, हात जोडून हसलो!

गाडी वेशीबाहेर पडताच मी छिन्नी-हातोडा घेतला. सिमेंटचा खपला निघाला. आत हरभऱ्याएवढ्या काळ्या मेणाच्या कुप्या, पुष्कळशा मधानं भरलेल्या. खाली मेलेल्या माश्यांचा थर. उपाशी मेल्या नव्हत्या, गुदमरल्या होत्या. मधोमध एक मोठी माशी होती, फुगलेल्या पोटाची. माय माझ्या मागं उभी होती. तिनं बघितलं आणि आत गेली. त्या वर्षी आमच्या गावाला बक्षीससुद्धा मिळालं नाही, आणि मिळालं असतं तरी ते कुठल्या तोंडानं घेणार होतो मी?

पुढं काही वर्षांनी हिंगोलीला शिक्षकांच्या शिबिरात एक शेतीतला जाणकार मधमाश्यांवर बोलायला आला. त्यानं या बारक्या माशीचं सांगितलं. ती आधी नवं घर शोधते, जुन्या घरातून मेण-मध नेऊन ते बांधते, आणि मग तरणी राणी तिकडं जाते. जुनी राणी जात नाही. अंडी घालायला लागली की तिचं पोट इतकं जड होतं की तिला उडताच येत नाही. मधल्या सुट्टीत उठलो, तडक डेपोत गेलो आणि मिळेल त्या एसटीनं घरी आलो.

माय अंगणात तूर निवडत होती. मी तिला सगळं सांगितलं. म्हणालो, "माय, तुजं बराबर होतं. राणीला उडताच येत नव्हतं." तिनं चार शिव्या घालाव्यात असं मला फार वाटत होतं.

ती सुपातले खडे वेचत म्हणाली, "मी तर त्याच दिशी फोडलं असतं रं. तू मास्तर, म्हून तुजं ऐकलं."