हात बघून दिलेला कोयता

"हात दावा."

कोयता मागायला आलेल्या गिऱ्हाइकाला मावशी पहिलं हेच म्हणायची. या नाही, बसा नाही, कुठलं गाव नाही. गिऱ्हाईक गोंधळून उजवा हात पुढं करायचं. ती तो स्वतःच्या खरबरीत हातात धरायची, तळवा उजेडाकडं वळवायची आणि बोटांच्या मुळाशी अंगठ्यानं दाबून बघायची. घट्टे लागले की म्हणायची, "व्हय, घ्या." नाही लागले की हात सोडून द्यायची आणि ऐरणीकडं तोंड फिरवायची. त्यावर अपील नाही.

सोलापुरात मधल्या मारुतीच्या बाजूला तुमच्यापैकी कुणी कधी कोयता घ्यायला गेलं असेल, तर तुमचाही हात तिनं दाबलेला असणार. पत्र्याचं छप्पर, पुढं फळीवर विळे, खुरपी, उलथनी मांडलेली, मागं भट्टी. नवरा होता तेव्हा तो सांडशीत तापलेलं लोखंड धरायचा आणि ती घण मारायची. तो गेल्यावर तिनं सांडशी स्वतः घेतली आणि घण दिराच्या हातात दिला. माझं झेरॉक्सचं दुकान तिच्या भिंतीला भिंत लावून. वीस वर्षं तिच्या घणानं माझी काच हादरली आणि वीस वर्षं मी तिच्याशी भांडलो. मला तिनं नावानं कधी हाक मारली नाही. "ए झेराक्स!" बस्स.

अक्कलकोटकडचं गिऱ्हाईक आलं की ती कानडीत "कै तोरसु" म्हणायची, विजापूर वेशीकडचं आलं की हिंदीत "हात दिखाव". भाषा तिन्ही मोडक्या, पण हात बघायची पद्धत एकच.

एकदा एक प्राध्यापक आले. बंगल्यातल्या नारळाच्या झावळ्या तोडायच्या होत्या. मावशीनं हात दाबला आणि सोडला.

"ह्ये खडूचं हात हाईत. गड्याला लावून द्या."

प्राध्यापक भडकले. खिशातून ओळखपत्र काढून तिच्या नाकासमोर धरलं. "बाई, मी पीएच.डी. आहे!"

"आसाल की," मावशी म्हणाली. "गड्याला लावून द्या."

दुसऱ्या खेपेला कडक इस्त्रीचे शर्ट घातलेले चौघे आले. मित्राच्या वाढदिवसाला केक कापायचा होता, कोयत्यानं. फोटो काढायचे, ते मोबाईलवर सगळ्यांना दाखवायचे. मावशीनं चौघांचे हात बघितले आणि फळीवरचं उलथनं पुढं केलं. "ह्यानं कापा. कापता बी येतंय आन् वाढता बी येतंय." चौघे तोंड पाडून गेले. मी इकडं पोट धरून हसलो. ती हसली नाही.

"दात काढू नगंस. ही पोरं दुसरीकडनं घेत्यात," ती म्हणाली.

तिचं खरं होतं. त्या दिवसांत कोयते नाचवणाऱ्या टोळक्यांच्या बातम्या रोज पेपरात यायच्या. मग आमच्या पोलीस ठाण्यानं लोखंडी सामान विकणाऱ्या सगळ्यांना बैठकीला बोलावलं. मावशी मला ओढून घेऊन गेली, कागद वाचायला कुणीतरी हवं म्हणून. साहेब समजूतदार होते. त्यांनी नियम वाचून दाखवला: नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचं ते हत्यार. शेतीसाठी, घरकामासाठी, कारखान्यासाठी बनवलेलं मात्र त्यातून वगळलेलं.

मावशी उभी राहिली. "सायेब, माजा उसाचा कोयता दोनी मापाच्या भाईर जातोय. आन् विळा मापात बसतोय. विळ्यानं काय मानूस मरत न्हाय व्हय?"

"म्हणून तर कायदा विचारतो मावशी, कशासाठी बनवलाय."

"बनिवती मी. उसासाठी बनिवती."

"आणि घेणारा कशासाठी घेतो?"

"त्यासाठीच हात बगती की."

सगळे हसले. एक भांडीवाला म्हणाला, शहरात कोयता विकायलाच बंदी घाला, ज्याला पाहिजे त्यानं साखर कारखान्यावरून न्यावा. मीही तिथंच उठून म्हणालो की हे बरोबर आहे. शहरात कुठं ऊस आहे? मावशीनं माझ्याकडं असं बघितलं की मी बसलो. शेवटी ठरलं ते असं: प्रत्येक कोयत्याला वही करायची. नाव, गाव, आधारची झेरॉक्स आणि कशासाठी घेतला ते.

"आधारवर त्वांडाचा फोटू हाय," मावशी पुटपुटली.

"बोटांचे ठसेही असतात," साहेब म्हणाले.

"ठसं बोटाचं. मी तळवा बगती."

तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून वही माझ्या गळ्यात पडली. माझ्या दुकानात झेरॉक्स, माझ्याच पेनानं नोंद. शेवटच्या रकान्यात मी आपलं लिहायचो: ऊस तोडणे. ऊस तोडणे. शेळ्यांना पाला तोडणे. ऊस तोडणे. वाद मात्र आमचा रोज चालायचा. मी म्हणायचो, कायदा आणखी कडक पाहिजे, तुमच्या अंगठ्यानं काय कळतं? ती म्हणायची, कागदानं तरी काय कळतंय रं तुला? भावकीच्या भांडणासारखं ते कधी मिटलं नाही.

अशातच हंगामाच्या तोंडावर तो आला. माळशिरसकडचा, तिशी-पस्तिशीचा, बोलायला मऊ. मावशीनं हात दाबला आणि तिचा चेहरा खुलला. मला हाक मारून दाखवला तिनं तो हात. "बग रं झेराक्स, ह्येला म्हनत्यात हात." घट्ट्यांवर घट्टे होते. तिनं स्वतः निवडून कोयता दिला, पुन्हा एकदा धार लावून दिला. मी वहीत लिहिलं: ऊस तोडणे. खोटं नव्हतं ते. महिनाभर त्यानं त्या कोयत्यानं ऊसच तोडला.

महिन्यानंतर, कारखान्याच्या तळावर ऊसतोड्यांच्या पाचटाच्या झोपड्या, कोप्या असतात तिथं, त्यानं तोच कोयता बायकोवर उचलला. ती वाचली. डाव्या हाताची तीन बोटं गेली आणि खांद्यापासून पाठीपर्यंत वार झाला. पोलिसांनी कोयता आणला तेव्हा पात्याच्या मुळाशी मावशीची खूण होती, ठोकलेले तीन ठिपके. मावशीनं तो हातात घेतला नाही. लांबूनच म्हणाली, "माजाच हाय." त्या दिवशी भट्टी पेटली नाही.

त्यानंतर तिनं कुणाचा हात बघितला नाही. कोयतेही केले नाहीत. खुरपी, उलथनी, चिमटे, एवढंच. दीर कुरकुरला, तर त्याला म्हणाली, "माज्या हातानं न्हाय हुनार आता." मी पहिल्यांदाच तिच्याशी वाद घातला नाही. माझा मुद्दा खरा ठरला होता असं कुणाला वाटेल. मला तसं अजिबात वाटलं नाही, कारण वहीतलं अक्षर माझंच होतं.

कोर्टाचं समन्स आम्हा दोघांना आलं. आधी माझी साक्ष झाली, वही ओळखली, झालं. मग मी मागच्या बाकावर जाऊन बसलो. पुढं डावीकडं ती जखमी बाई भावाजवळ बसली होती, डावा हात पदराखाली. नवरा आरोपीच्या पिंजऱ्यात. मावशी साक्षीला उभी राहिली तेव्हा तिनं चपला बाहेर काढून ठेवल्या होत्या, देवळात आल्यासारखं.

तुम्हाला एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. खुनाच्या प्रयत्नाचं मोठं कलम त्याच्यावर होतंच. पण कोयता हत्यार ठरला असता तर आणखी एक कलम लागणार होतं. अवजार ठरला तर ते गळणार होतं. म्हणून त्याच्या वकिलाला मावशीच्या तोंडून एकच शब्द हवा होता.

"हा कोयता तुम्ही शेतीसाठी बनवला, बरोबर? हे शेतीचं अवजार आहे. हो की नाही, एवढंच सांगा."

जन्मभर मावशी हेच सांगत आली होती, पोलिसांना, मला, सगळ्या गावाला. खोटं बोलायचं तिला जमणारं नव्हतं.

"व्हय. अवजार हाय," ती म्हणाली. आणि मग जखमी बाईकडं वळून म्हणाली, "पर दिला मी. हात बगून दिला. माजं चुकलं, बाई."

वकील मोठ्यानं म्हणाले, "बस, बस, झालं." सरकारी वकील उठून काहीतरी म्हणाले, न्यायाधीश साहेबांनी हात वर केला, टायपिस्टची बोटं चालली. त्या गलक्यात ती जखमी बाई उठली, पदर डोक्यावरून ओढून घेतला आणि आमच्याकडं पाठ करून बाहेर गेली.

मावशी अनवाणीच तिच्या मागं धावली. व्हरांड्यात बाईचा भाऊ आडवा आला. "अवजार म्हनं! जावा आता, झालं तुमचं काम." बाई पायऱ्या उतरत होती. तिनं मागं वळून बघितलं नाही.

मी सरकारी वकिलाकडून साक्षीची नक्कल मिळवली, कारण मावशीनं माझा पिच्छाच पुरवला. दुकानात बसून तिला वाचून दाखवली. "हे म्हणणे खरे आहे की, सदर कोयता हे शेतीचे अवजार आहे."

"म्होरलं वाच."

"पुढं नाही काही. खाली तुमचा अंगठा आहे."

"पुन्ना बग की रं नीट."

पुन्हा बघितलं. कागद पालथा करूनही बघितला. तिचं दुसरं वाक्य कुठंच नव्हतं. प्रश्नाचं उत्तर तेवढं लिहायचं, असा तिथला रिवाज. कुणाची चूक म्हणता येत नाही. मावशी म्हणाली, "मंजी तिला बी अर्दंच आयकू आलं." मी समजूत घातली, पण माझाच आवाज मला पटला नाही. मीही तेच समजत होतो.

निकाल लागला, त्याला शिक्षा झाली, ते दुसरं कलम गळालं. किती वर्षांची शिक्षा, हे मावशीनं विचारलंसुद्धा नाही. तिचं एकच पालुपद. ती बाई आता वैरागजवळ भावाच्या वस्तीवर राहते, एवढं तिनं कुणाकडून तरी काढलं होतं.

"येक दिस चल की माज्यासंगं. मी गेले तर त्यो भाव हाकलून दील. तू शिकलेला हाईस, तुजं आयकत्याल."

"जाऊ की मावशी."

वैराग म्हणजे काही काशी नव्हे. सकाळी एस.टी.त बसलो असतो तर दुपारी परत आलो असतो. पण आधी बारावीचे फॉर्म आले, मग प्रवेशाचे दिवस, मग मशीन बिघडलं, मग ऊन फार होतं. खरं सांगू? मला त्या बाईसमोर उभं राहायची लाज वाटत होती. वहीतलं अक्षर, दुसरं काय. दर आठवड्याला मावशी विचारायची आणि दर आठवड्याला मी "जाऊ की" म्हणायचो. अशी दीड वर्षं गेली. माझ्यासारखा नालायक शेजारी कुणाला मिळू नये.

भट्टीच्या धुरानं तिची छाती पोखरली होती. दवाखान्यात आठ दिवस होती. मी भेटायला गेलो तेव्हा नळी लावलेली, तरी मला बघून तिनं ती बाजूला केली. "तिनं अर्दंच आयकलं रं, झेराक्स," ती म्हणाली. नर्स माझ्यावर ओरडली. मी मावशीचा हात हातात घेतला आणि म्हणालो, येत्या सोमवारी नक्की जातो. ती शनिवारी गेली.

तेरावा झाल्यावर मी दुकान बंद ठेवलं आणि वैरागला गेलो. तिथून वस्तीपर्यंत चालत. भाऊ रानात गेला होता. ती बाई दारात सुबाभळीचा पाला शेळ्यांपुढं बांधत होती. उजव्या हातानं दोरी ओढायची आणि डाव्या मनगटानं फांद्या दाबून धरायची. मला तिनं लगेच ओळखलं. मी रस्ताभर जुळवलेलं सगळं विसरलो आणि एका दमात बोलून मोकळा झालो: मावशीनं पाठवलंय, त्या दिवशी ती अवजार म्हणाली ते खरं, पण पुढंही एक वाक्य बोलली होती, ते कागदात आलं नाही, तुम्हाला गलक्यात ऐकू आलं नसेल.

"आयकलं की," ती म्हणाली. दोरीची गाठ मारून झाल्यावर तिनं मान वर केली. "मी तितंच हुते न्हवं? समदं आयकलं."

"मग तुम्ही तशा उठून गेलात..."

"त्यो पिंजऱ्यातनं बगत हुता माज्याकडं. त्येच्याम्होरं रडायचं न्हवतं मला, म्हनून उठले." तिनं पदरानं तोंड पुसलं. "येवडं समदं झालं. त्येची आई आली, मुकादम आला, पावनं आलं, समदी म्हनायची, तुजंच काय तरी चुकलं आसंल. माजं चुकलं म्हननारी ती मावशी येकलीच."

शेळ्या पाला ओरबाडत होत्या. ती आत गेली, पाण्याचा तांब्या घेऊन आली, मी पाणी प्यायलो.

"भाव लई तापट हाय, न्हायतर मीच आले असते सोलापूरला," ती म्हणाली. "मावशीला सांगा, मला आयकू आलं हुतं म्हनावं. लई दिस सांगायचं ऱ्हायलंय."

माझ्या तोंडून खरं निघेना. मी "सांगतो" म्हणालो, तांब्या तिच्या हातात दिला आणि वैरागच्या स्टँडवर येऊन बसलो. सोलापूरच्या दोन गाड्या समोरून गेल्या, मी उठलो नाही.