फोनवरची बातमी

घर सोडले त्या सकाळचा वास अजून नाकात आहे: दमट वर्तमानपत्रांचा, शाईचा आणि बाबांच्या तोंडातल्या लवंगेचा. दारात टॅक्सी उभी होती आणि राज्यात सरकार डळमळत होते. बाबा कोलकात्याच्या एका बंगाली दैनिकाचे नागपूरमधले राजकीय वार्ताहर. सगळे ई-मेल करू लागले तरी ते फोनवरूनच बातमी सांगत. पलीकडचा माणूस एकेक वाक्य उतरवून घेई आणि विचारी, "तारपर?" म्हणजे, मग पुढे? लहानपणी त्यांचा सराव माझ्यासमोर चाले, तेव्हा ते विचारण्याचा मान माझा असे.

त्या सकाळीही ते फोनवर बातमी सांगत होते; त्यांनी वाक्य न तोडता नुसता हात वर केला. आई चपला घालत म्हणाली, "चल बाई. ह्यांचं सरकार पडेपर्यंत विमान थांबायचं नाही."

हयातभर त्यांनी मंत्र्यांच्या पायऱ्या झिजवल्या, पण कोणाच्या पंगतीला बसले नाहीत. दोन तोंडांतून ऐकल्याशिवाय एक ओळ पाठवली नाही.

इथे वेस्ट विंडसरमध्ये बातमीला वास नसतो. ती काचेवर उजळते आणि विझते. बाबांना अर्धांगाचा झटका आला, वाचा गेली. माझे ग्रीन कार्ड अडकलेले. वकील बजावतात, आत्ता ट्रॅव्हल केलंत तर परत येता येणार नाही. लेक म्हणते, "आई, जस्ट गो ना." काढलेले तिकीट मी कॅन्सल केले; ज्यांनी अशीच तिकिटे कॅन्सल केली असतील, त्यांना ते कळेल.

रोज इथल्या सकाळी, तिथल्या संध्याकाळी, आई त्यांच्या चेहऱ्यासमोर फोन धरते. घर म्हणजे आता तेवढाच चौकोन. तब्येत विचारावी, तर उत्तर येत नाही. म्हणून परवा त्यांच्याच रीतीने बातमी सांगू लागले. आधी गाव, मग वार.

"वेस्ट विंडसर, मंगळवार. रात्रभर बर्फ पडला. स्टेशनचे पार्किंग पांढरे झाले आहे. नात शाळेत गेली."

प्रत्येक वाक्यानंतर थांबत होते. पलीकडे फक्त आईच्या बांगड्यांची किणकिण.

"वार्ताहराची मुलगी इतक्यात येऊ शकणार नाही, असे तिने स्वतः सांगितले. वकिलांनी त्यास दुजोरा दिला."

यापुढची ओळ माझ्याकडे नव्हती. बाबांचा ओठ एका बाजूने थरथरला, बराच वेळ. मग ते म्हणाले,

"तारपर?"